खाडीतल्या जिवाणूंचं खोटं वर्षचक्र: एका मोजणी प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

खाडीचं नाव, गटाची ओळख आणि वर्ष इथे मुद्दाम दिलेलं नाही. गणित डोळ्यांसमोर राहावं म्हणून आकडे गोल केले आहेत.

## पार्श्वभूमी

खाडी मध्यम आकाराची. मुखापासून साधारण वीस किलोमीटर आत गेलं की पाणी गोडं होतं. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. मधल्या भागात प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास, आणि वरच्या टोकाला गाळाचा एक कायमचा पट्टा, जिथे पाणी चहासारखं दिसतं.

गटाने मुखापासून नदीकडे दर चार किलोमीटरवर एक अशी सहा नमुनास्थळं ठरवली होती. दर चौथ्या सोमवारी सकाळी दहाला होडी मुखापासून निघायची, तीन तासांत वरच्या टोकाला पोचायची आणि प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाचं पाणी घ्यायची. वर्षभरात अशा १३ फेऱ्या झाल्या आणि एकूण ७८ नमुने जमले.

मोजणीची पद्धत रूढच होती. फॉर्मल्डिहाइड घालून नमुना टिकवायचा, डॅपी या रंगाने पेशी रंगवायच्या, ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या काळ्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर गाळायच्या आणि अतिनील प्रकाशाखाली निळ्या चमकणाऱ्या पेशी मोजायच्या. १९७७ साली हॉबी आणि सहकाऱ्यांनी अशा फिल्टरवर अ‍ॅक्रिडीन ऑरेंज हा रंग वापरून थेट मोजणी रुळवली. १९८० साली पोर्टर आणि फाइग यांनी त्यात डॅपी आणला. अगार (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) थाळीवर वाढणाऱ्या वसाहती मोजल्या तर पाण्यातल्या जिवाणूंपैकी अगदी थोडे हाती लागतात, त्यामुळे प्लवक (पाण्यात तरंगणारे सजीव) म्हणून जिवाणू मोजायचे असतील तर सूक्ष्मदर्शक किंवा फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी प्रकाशझोतापुढून नेऊन मोजणारं यंत्र) याला पर्याय नाही.

सोबत, ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं ल्युसिन हे अमिनो आम्ल पेशींत किती शिरतं तेही मोजलं जात होतं; त्यावरून वाढ कळते. जिवाणूंची संख्या आणि त्यांची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही हातात असलेल्या बऱ्या, हा विचार सुरुवातीपासून होता. पुढे याच विचाराने प्रकल्प तारला.

## अडचण

वर्षअखेरीला अहवालाचा मसुदा तयार झाला. त्यात दोन ठळक निष्कर्ष होते.

पहिला निष्कर्ष असा, की तिसऱ्या नमुनास्थळी जिवाणूंचं वर्षचक्र दिसतं. मिलिलिटरला १६ लाखांपासून ३८ लाखांपर्यंत आकडा हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. आलेख इतका गुळगुळीत होता की कुणालाही शंका येऊ नये. चढ उन्हाळ्यात आला होता, म्हणून तापमानाशी संबंध जोडून झाला होता.

दुसरा निष्कर्ष पाचव्या स्थळाचा. गाळाच्या पट्ट्यात जिवाणू निम्म्यावर येतात, २२ लाखांच्या आसपास. नदीकडे जास्त, समुद्राकडे कमी आणि मध्ये हा खड्डा. खाऱ्या पाण्याचा धक्का बसून नदीतले जिवाणू मरतात, असं स्पष्टीकरण त्यापुढे लिहिलं होतं.

दोन्ही निष्कर्ष ऐकायला पटणारे होते आणि दोन्ही डळमळीत होते.

पहिल्यातली खोट तारखांमध्ये होती. पहिला उंचवटा चौथ्या फेरीला आला आणि आकडे पुन्हा शिखरावर पोचले तेराव्या फेरीला, म्हणजे नऊ फेऱ्यांनी, जेमतेम सव्वाआठ महिन्यांनी. ऋतूंचं चक्र बारा महिन्यांचं असतं. तापमानाशी जुळणी पहिल्या सहामाहीत उत्तम होती, दुसऱ्या सहामाहीत उलटी. मसुद्यात फक्त सगळ्या वर्षाचा मिळून संबंध दिला होता, त्यात हे बुजून गेलं.

दुसऱ्यातली खोट ल्युसिनने दाखवली. पाचव्या स्थळी लिटरला तासाला २ नॅनोमोल ल्युसिन पेशींत जात होतं. एका मोलमागे १.५५ किलो कार्बन या रूढ गुणकाने ते तासाला ३.१ मायक्रोग्रॅम कार्बन होतं. पेशीमागे २० फेम्टोग्रॅम (मायक्रोग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे एक फेम्टोग्रॅम) कार्बन धरला तर २२ लाख पेशींचं वजन लिटरला ४४ मायक्रोग्रॅम. भागाकार केला की वाढीचा दर तासाला ०.०७ येतो, म्हणजे संख्या दुप्पट व्हायला दहा तास. शेजारच्या स्थळांवर हाच काळ दिवसभराचा होता. ज्या पट्ट्यात जिवाणू धक्क्याने मरतात असं म्हणायचं, तिथेच ते सर्वांत वेगाने वाढतात असंही म्हणायचं! दोन्ही एकदम खरं असणं अशक्य नाही, पण आधी मोजणीवर संशय घ्यायला हवा.

## आधी जुन्या वहीत

नवे नमुने घ्यायच्या आधी गटाने जुनी वही उघडली. प्रत्येक नमुन्यापुढे क्षारता (साधारणपणे किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार) लिहिलेली होती, वापरली मात्र कुणी नव्हती. तिसऱ्या स्थळाचे तेरा आकडे तारखेऐवजी क्षारतेपुढे मांडले, आणि वर्षचक्राच्या जागी जवळजवळ सरळ उतरती रेघ आली. क्षारता १० ला ३८ लाख, क्षारता २७ ला १६ लाख. पुराच्या काळातले दोन बिंदू तेवढे रेषेपासून लांब राहिले, कारण तेव्हा नदीचं पाणीच वेगळं होतं.

असं का झालं, ते घड्याळ सांगतं. मुख्य चांद्र भरतीचा आवर्तनकाळ १२.४२०६ तास. २८ दिवस म्हणजे ६७२ तास. त्यात ५४ पूर्ण आवर्तनं बसतात आणि १.२९ तास उरतात. म्हणजे दर चौथ्या सोमवारी सकाळी दहाला गेलं की भरतीची अवस्था मागच्या वेळेपेक्षा सव्वा तासाने पुढे सरकलेली असते. भरतीचं पूर्ण चक्र फिरायला ९.६ फेऱ्या, म्हणजे २७० दिवस लागतात. ओहोटी पूर्ण झालेली असताना गेलं तर नदीचं पाणी आणि नदीचे जिवाणू भेटतात, साडेचार महिन्यांनी त्याच वेळी भरती पूर्ण असते आणि समुद्राचं पाणी भेटतं. गटाने काढलेला आलेख भरतीचाच होता, फक्त महिन्यांच्या वेगाने चालवलेला. फेऱ्यांच्या मधे १.२९ तासांची उडी असल्याने शिखर कधी नवव्या, कधी दहाव्या फेरीला सापडतं; इथे ते नवव्याला सापडलं.

अंतराचा हिशोबही तेच म्हणतो. कमाल वेग सेकंदाला ०.८ मीटर असेल तर एका भरतीत पाण्याचा एक थेंब साधारण ११ किलोमीटर आत सरकतो (वेग गुणिले आवर्तनकाळ भागिले π). नमुनास्थळं चार-चार किलोमीटरवर होती. 'तिसरं स्थळ' हे किनाऱ्यावरच्या खुणेचं नाव होतं, पाण्याचं नव्हे.

## पुढे काय करायचं: तोललेले पर्याय

त्याच जागा, पण दर आठवड्याला. पहिली सूचना हीच आली आणि तीच सर्वांत फसवी होती. आठवड्याचे १६८ तास म्हणजे साडेतेरा आवर्तनं. एका सोमवारी ओहोटी असेल तर पुढच्या सोमवारी त्याच वेळी भरती. आलेख करवतीसारखा दिसला असता आणि तो 'नैसर्गिक चढउतार' म्हणून खपला असता. चौपट श्रम करून दुसऱ्या प्रकारचा गोंधळ मिळाला असता.

फ्लो सायटोमीटर. दिवसात शंभरावर नमुने होतात, मोजणाऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न उरत नाही. मात्र गाळाच्या कणाला चिकटलेले वीस जिवाणू यंत्राला एकच ठिपका दिसतात. यंत्र तुंबू नये म्हणून नमुना आधी ३०–४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळावा लागतो, त्यात मोठे कण बाहेर राहतात ते वेगळंच. स्वच्छ पाण्यासाठी उत्तम साधन, पण शंका होती ती नेमकी गढूळ पाण्याबद्दल.

डीएनए वाचन. कोण आहे ते कळतं, किती आहेत ते कळत नाही, कारण हाती येतात ती परस्पर प्रमाणं. प्रश्न संख्येचा होता, म्हणून हे बाजूला ठेवलं.

क्षारतेच्या मागे जाणं आणि कणांवरचे जिवाणू सुटे करून मोजणं. यंत्रं तीच, कौशल्य तेच, बदल पद्धतीत. हा पर्याय निवडला, आणि त्याला जोड म्हणून एका जागी नांगर टाकून पूर्ण भरतीभर नमुने घ्यायचे ठरवलं.

वाद झाला तो जुनी मालिका तोडण्यावरून. वर्षभराची सहा स्थळं सोडायची म्हणजे पुढच्या वर्षी तुलना कशाशी? शेवटी दोन टोकं ठेवली: मुखाचा नमुना भरती पूर्ण असताना, नदीचा नमुना ओहोटी पूर्ण असताना. ही दोन टोकं शुद्ध मिळाली तरच मधल्या पाण्याचा हिशोब मांडता येतो. मधली चार स्थळं बंद केली. हा निर्णय योग्यच होता. भरतीची वेळ न पाहता घेतलेली लांबलचक मालिका सांभाळण्याचा हट्ट बऱ्याच ठिकाणी दिसतो, आणि तिच्यातून जे निघतं ते बहुतेक वेळा पंचांगात आधीच छापलेलं असतं.

## प्रत्यक्ष कृती

### नमुना घेणं

होडीवरच्या क्षारतामापकावर नजर ठेवून लक्ष्यं ठरवली: ०, २, ४, ८, १२, १६, २०, २४, २८ आणि समुद्र. गोड्या टोकाला पायऱ्या जवळ ठेवल्या, कारण गाळाचा पट्टा आणि बहुतेक उलथापालथ तिथेच असते. लक्ष्याच्या अर्ध्या एककाच्या आत आकडा आला की दीड मीटर खोलीवरून निस्किन बाटलीने (हव्या त्या खोलीवर झाकणं बंद होणाऱ्या नळीने) पाणी घ्यायचं.

इथली एक बारीक खोड गढूळ पाण्यात महागात पडते. निस्किन बाटलीचा नळ तळापासून थोडा वर असतो. बाटली पाच-दहा मिनिटं उभी राहिली की जड कण नळाच्या खाली बसतात आणि त्यांच्यावरचे जिवाणू नमुन्यात येतच नाहीत. म्हणून बाटली वर येताच दोन-तीनदा उलटीसुलटी करून लगेच पाणी काढायचं. आधीच्या वर्षी हे कधी व्हायचं, कधी राहून जायचं.

९ मिलिलिटर पाणी, त्यात ०.२ मायक्रॉनमधून गाळलेलं २० टक्के फॉर्मल्डिहाइड १ मिलिलिटर, म्हणजे अंतिम २ टक्के. अंधारात ४ अंश सेल्सियसला ठेवून २४ तासांच्या आत फिल्टर तयार करायचा आणि काचपट्टी उणे २० अंशांवर ठेवायची. टिकवलेला नमुना बाटलीत पडून राहिला तर आकडा आठवड्यागणिक घटत जातो. पेशी फुटतात, बाटलीच्या भिंतीला चिकटतात. काचपट्टी मात्र महिनोन्‌महिने टिकते.

### गाळणं आणि मोजणं

२५ मिलिमीटरचा काळा फिल्टर, चकचकीत बाजू वर, त्याखाली ओला केलेला ०.४५ मायक्रॉनचा आधार-फिल्टर. आधार कोरडा राहिला तर पेशी एका बाजूला गोळा होतात. निर्वात दाब २०० मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवायचा. घ्यायचं पाणी थोडं असेल तर कणविरहित गाळलेल्या पाण्याने किमान २ मिलिलिटरपर्यंत वाढवायचं, नाहीतर पेशी फिल्टरभर सारख्या पसरत नाहीत. डॅपी मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम, अंधारात दहा मिनिटं.

हिशोब असा: फनेलचा आतला व्यास १६ मिलिमीटर, म्हणजे पेशी पडतात ते क्षेत्र २०१ चौरस मिलिमीटर. भिंगातल्या जाळीचा चौकोन १०० गुणिले १०० मायक्रॉन. म्हणून एका चौकोनाचा गुणक २०,१०६. चौकोनात सरासरी १८.४ पेशी, गाळलेलं पाणी ०.१ मिलिलिटर, फॉर्मल्डिहाइडमुळे झालेल्या विरलतेची दुरुस्ती १.११:

१८.४ × २०,१०६ ÷ ०.१ × १.११ = सुमारे ४१ लाख प्रति मिलिलिटर.

या ओळीत दोन चुका वारंवार होतात. एक, १.११ विसरणं. दुसरी, फनेलच्या १६ ऐवजी फिल्टरचा २५ मिलिमीटर व्यास धरणं. मग आकडा २.४४ पट फुगतो. गटाच्या दोन मोजणाऱ्यांपैकी एकाच्या तक्त्यात ही दुसरी चूक खरोखरच सापडली. सुदैवाने ती सरावाच्या नमुन्यांपुरती होती.

किमान २० चौकोन आणि एकूण ४०० पेशी मोजायच्या. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे निव्वळ योगायोगाची चूक ५ टक्के. त्यापुढे हजार पेशी मोजण्यापेक्षा तेवढ्या वेळात दुसरा फिल्टर तयार केलेला बरा, कारण फिल्टरा-फिल्टरांतला फरक यापेक्षा मोठा असतो.

प्रत्येक दिवशी एक कोरा फिल्टर: नमुना नाही, बाकी सगळं तेच. तिसऱ्या फेरीत कोऱ्या फिल्टरवर ठिपके दिसू लागले. शोध घेतला तेव्हा कळलं की धुण्याच्या पिचकारी बाटलीतलं पाणी चार दिवसांपूर्वी गाळलेलं होतं आणि त्यात जिवाणू मजेत वाढले होते. तेव्हापासून ते पाणी रोज ताजं गाळलं जातं.

### खड्ड्याची तपासणी

आता मूळ शंका. आधीच्या वर्षी सगळ्या नमुन्यांसाठी सरसकट ०.५ मिलिलिटर पाणी गाळलं होतं. मुखाच्या स्वच्छ पाण्यासाठी ते ठीक. क्षारता ४ च्या चहासारख्या पाण्याचे चार फिल्टर वेगवेगळ्या मापाने केले. मोजणी बरोबर असेल तर चारही उत्तरं सारखी यायला हवीत. आली ती अशी:

०.०५ मिलिलिटर: ४१ लाख
०.१ मिलिलिटर: ४० लाख
०.२५ मिलिलिटर: ३१ लाख
०.५ मिलिलिटर: २२ लाख

भिंगातून पाहिलं की कारण दिसत होतं. ०.५ च्या फिल्टरवर मातीचे कण पिवळसर चमकत सलग पसरले होते. कणांच्या कडेला निळे ठिपके अर्धवट डोकावत होते आणि खाली किती दडले असतील ते सांगता येत नव्हतं. ०.०५ च्या फिल्टरवर कण सुटे सुटे, मधे काळी जमीन, त्यावर स्वच्छ निळे ठिपके. खड्ड्याचा मोठा भाग गाळाच्या चादरीखाली होता.

तरीही कणाच्या मागच्या बाजूचे जिवाणू दिसत नाहीतच. ते सुटे करण्यासाठी सोडियम पायरोफॉस्फेट अंतिम १० मिलिमोलर, अर्धा तास, मग बर्फाच्या पाण्यात बुडवून अल्ट्रासॉनिक कंपनं. कंपनं किती वेळ द्यायची याला ठराविक उत्तर नाही, ते गाळावर अवलंबून असतं. ०, १५, ३०, ६०, १२० सेकंदांची मालिका केली. आकडा ३० सेकंदांपर्यंत चढला, ६० ला स्थिर, १२० ला उतरला, कारण पेशीच फुटू लागल्या. म्हणून ३० सेकंद. खाऱ्या पाण्यात पायरोफॉस्फेटचा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी संयोग होऊन पांढरट गढूळपणा येऊ शकतो, त्यामुळे टिकवलेला नमुना आधी गाळलेल्या गोड्या पाण्याने दहापट विरळ केला.

सुटे केल्यावर आकडा आला ५२ लाख. मुखाच्या पाण्यावर हीच सगळी प्रक्रिया केली तर आकडा बदलला नाही. प्रक्रियेने पेशी हरवत नाहीत आणि नव्या घुसतही नाहीत, एवढं त्यातून कळलं.

ल्युसिनचं कोडंही इथेच सुटलं. ल्युसिनच्या नळीत कणांसकट पाणी असतं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये कणांवरचे जिवाणूही तळाशी बसतात. म्हणजे अंशस्थानी सगळे जिवाणू आणि छेदस्थानी निम्मे. छेदात ५२ लाख घातल्यावर दुप्पट होण्याचा काळ दहा तासांवरून तेवीस तासांवर गेला आणि शेजाऱ्यांशी जुळला.

## निष्पत्ती

नदीच्या टोकाला ५० लाख, समुद्राच्या टोकाला क्षारता ३२ ला १० लाख. नुसतं मिसळणंच चालू असेल तर मधला आकडा सरळ रेषेवर यायला हवा: क्षारता ४ ला ४५ लाख, १६ ला ३० लाख, २४ ला २० लाख. नव्या नमुन्यांत ८ च्या पुढचे बिंदू या रेषेला धरून होते. खड्डा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी क्षारता ४ पाशी रेषेच्या वर ७ लाखांचा लहानसा उंचवटा आला.

हा उंचवटा पाहून 'वाढीचं केंद्र' असं लिहायचा मोह झालाच. कणांवरचे जिवाणू गाळाच्या पट्ट्यात किती काम करतात हे कोलंबिया नदीच्या मुखावरच्या १९९८ च्या कामापासून माहीत आहे, त्यामुळे अपेक्षाही तशीच होती. पण आधी तळाच्या गाळाचा हिशोब केला. पाण्यात लिटरला १५० मिलिग्रॅम कण. तळाच्या कोरड्या गाळात ग्रॅमला २ अब्ज जिवाणू धरले तर नुसता गाळ ढवळूनच मिलिलिटरला ३ लाख येतात. उरले ४ लाख, आणि दोन फिल्टर, विरलता, सुटे करण्याची प्रक्रिया धरून ५२ लाखांवरची चूक साधारण ५ लाखांची. म्हणजे उंचवटा आहे, पण तो वाढीचा आहे असं म्हणायला जागा नाही. अहवालात तेवढंच लिहिलं.

नांगर टाकून घेतलेल्या १३ तासांच्या नमुन्यांनी त्याला दुजोरा दिला. पाण्यात मोकळे तरंगणारे जिवाणू क्षारतेबरोबर एकदाच वरखाली झाले. कणांवरचे जिवाणू मात्र प्रवाहाच्या वेगाबरोबर दोनदा चढले, एकदा भरतीच्या जोरात, एकदा ओहोटीच्या, आणि पाणी थांबलं की बसले. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवशी हा चढ भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसापेक्षा स्पष्ट होता. मोकळे आणि चिकटलेले वेगळे करायला ३ मायक्रॉनचा फिल्टर वापरला होता. तिथे एकावेळी १० मिलिलिटरहून जास्त पाणी घेतलं नाही, कारण फिल्टर तुंबू लागला की छिद्रं बारीक होतात आणि मोकळे जिवाणूही 'चिकटलेले' म्हणून अडकतात.

सर्वांत उपयोगी निष्कर्ष मात्र आलेखात न दिसणाऱ्या गोष्टीतून आला. दुप्पट व्हायला तेवीस तास म्हणजे वाढीचा दर दिवसाला ०.७. नदीचा प्रवाह कमी असताना खाडीतलं गोडं पाणी बदलायला सहा दिवस लागत होते, म्हणजे वाहून जाण्याचा दर दिवसाला ०.१७. वाढ इतकी जास्त असताना संख्या रेषेच्या वर उसळी घेत नाही, याचा अर्थ जवळजवळ वाढीच्याच दराने, दिवसाला सुमारे ०.७, कुणीतरी जिवाणू खातंय किंवा फोडतंय. संशयित दोनच: मिलिलिटरला हजारोंनी असणारे सूक्ष्म कशाभधारी (चाबकासारख्या तंतूने पोहणारे एकपेशीय जीव), आणि जिवाणूंच्या साधारण दहापट संख्येने असणारे विषाणू. पुराच्या दिवसांत पाणी सव्वा दिवसात बदलतं, वाहून जाण्याचा दर ०.८ होतो, आणि नदीचे जिवाणू वाढायच्या आत समुद्रात जातात. तेव्हा संख्या रेषेवर असते ती वेगळ्याच कारणाने. एकच सरळ रेष, आणि तिच्यामागे दोन ऋतूंत दोन कारणं.

मसुद्यातला तापमानाचा परिच्छेद गेला, खाऱ्या पाण्याच्या धक्क्याचा गेला. अहवाल वाचणाऱ्यांपैकी काहींना 'जिवाणू वाढले म्हणजे प्रदूषण वाढलं का' एवढंच हवं होतं. एकूण डॅपी मोजणी त्याचं उत्तर देत नाही हे पहिल्या पानावर घातलं. ती मोजणी मैलापाण्यातला जिवाणू आणि समुद्रातला निरुपद्रवी जिवाणू यांत फरक करत नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

मापाची चाचणी, ०.०५ ते ०.५ मिलिलिटर, पहिल्याच दिवशी गढूळ आणि स्वच्छ अशा दोन नमुन्यांवर करायला हवी होती. काम एका दुपारचं.

१३ तास पुरेसे नव्हते. दोन्ही वेळा नमुने उजेडी घेतले गेले, त्यामुळे दिवस-रात्रीचा फरक आणि भरतीचा फरक पुरता सुटा झाला नाही. २५ तास, म्हणजे दोन पूर्ण भरत्या, हा पर्याय चर्चेत होता, तो माणसं कमी म्हणून सोडला. दर तासाऐवजी दर दोन तासांनी नमुना घेऊन तेवढ्याच माणसांत २५ तास झाले असते.

ल्युसिन २० नॅनोमोलर घेतलं होतं. ते समुद्राच्या पाण्याला साधारणपणे पुरतं, पण पोषकद्रव्यांनी भरलेल्या खाडीत ते कमी पडू शकतं. ५ ते १०० नॅनोमोलरची मालिका करून कुठे सपाटी येते ते पाहायचं राहिलं. त्यामुळे वरचा ०.७ हा दर खालच्या बाजूला चुकलेला असू शकतो, आणि मग खाण्या-फोडण्याची किंमतही.

प्रत्येक नमुन्याची दुसरी कुपी ग्लुटाराल्डिहाइड घालून, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवली असती तर पहिलं वर्ष पुन्हा मोजता आलं असतं. फॉर्मल्डिहाइडच्या जुन्या बाटल्या होत्या, पण वर्ष उलटून गेल्यावर त्यांतली घट किती आणि खरा आकडा किती हे सांगता येत नाही, म्हणून त्या मोजल्या नाहीत.

जुन्या काचपट्ट्या शाबूत होत्या. ७८ पैकी क्षारता ८ च्या खालच्या सगळ्या पुन्हा भिंगाखाली घेतल्या. ज्यांवर गाळ सलग पसरलेला दिसला त्यांच्या आकड्यापुढे तक्त्यात 'किमान' असा शेरा लिहिला आणि ते आकडे सरासरीतून काढले.